सकळ लिपीचा इंटरप्रिटर

‘चाणीप चेद.’

हे वाचून ज्यांनी मनातल्या मनात तांब्या उचलला, त्यांना च-ची भाषा येते. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, त्या जागी च ठेवायचा आणि काढलेलं अक्षर शेवटी जोडायचं. पाणी दे: चाणीप चेद. याचं व्याकरण कुठे छापलेलं नाही, परीक्षेला ते येत नाही, तरी मागच्या बाकावरच्या प्रत्येक पिढीला ते पाठ असतं. ज्याला नियम ठाऊक तो आतला, बाकीचे बाहेरचे. सर कायम बाहेरचे. (तेही कधीकाळी मागच्या बाकावर बसलेले असतात आणि त्यांना सगळं कळत असतं, ही गोष्ट वेगळी.)

संगणकाच्या जगातही अशा भाषा आहेत. इंग्रजीत त्यांना एसोटेरिक म्हणतात, लाडाने एसोलँग. आपण गूढभाषा म्हणू. कामाला यावं म्हणून त्या कुणी बनवलेल्या नसतात. गंमत, कोडं किंवा खोडी म्हणून बनवलेल्या असतात. मला त्यांचा नाद आहे. पण हा लेख खरा विदर्भात चौदाव्या शतकात रुळलेल्या एका गूढ लिपीबद्दल आहे. तिथे पोचण्यासाठी थोडा वेळ संगणकाजवळ थांबावं लागेल.

पहिली नावाजलेली गूढभाषा इंटरकॅल. १९७२ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डॉन वूड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी ती रचली. तिच्यात संगणकाला मधूनमधून ‘प्लीज’ म्हणावं लागतं. कमी वेळा म्हणालात तर तुम्ही उद्धट म्हणून तो प्रोग्राम नाकारतो, आणि फार वेळा म्हणालात तर लाळघोटे म्हणून. त्यानंतर १९९३ साली अर्बन म्युलरने अमिगा संगणकासाठी एक भाषा केली. तिच्या नावातच शिवी आहे, ब्रेनफक, म्हणून सभ्य पुस्तकांत ते नाव तारे घालून छापतात. तिच्यात फक्त आठ चिन्हं आहेत: अधिक, वजा, डावा बाण, उजवा बाण, पूर्णविराम, स्वल्पविराम आणि चौकोनी कंसांची जोडी. समोर ३०,००० घरांची एक लांब पट्टी आहे असं समजायचं. बाणांनी घरं बदलायची, अधिक-वजाने घरातला आकडा वाढवायचा किंवा कमी करायचा, स्वल्पविरामाने बाहेरून एक अक्षर आत घ्यायचं, पूर्णविरामाने एक बाहेर टाकायचं. कंसांतलं काम, घरात शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं. बस. एवढ्यावर तत्त्वतः कुठलंही गणित करता येतं.

या भाषेतला पाच चिन्हांचा एक पूर्ण प्रोग्राम असा:

,[.,]

एक अक्षर घे. ते शून्य नसेल तर छाप, पुढचं घे, पुन्हा तेच. म्हणजे जे आत जाईल ते तसंच बाहेर. पण नुसती ही चिन्हं पाहून संगणकाला काही कळत नाही. ती वाचून ‘आता हे कर, आता ते कर’ असं सांगणारा एक दुभाष्या मध्ये लागतो. तो इंटरप्रिटर. तो दरवेळी स्वतः लिहायची गरज नसते. कुणीतरी लिहून ठेवलेला असतो. तो लायब्ररी म्हणून आपल्या प्रोग्रामला जोडायचा, त्याच्या हातात चिन्हांची ओळ आणि आत पाठवायचा मजकूर द्यायचा, आणि तो जे परत देईल ते घ्यायचं. किती पावलांनंतर थांबायचं हेही आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर एखादा कंस जन्मभर फिरत राहतो.

अशाच एका लायब्ररीला मी वरचा पाच चिन्हांचा प्रोग्राम दिला आणि आत मराठी मजकूर सोडला. ‘पाणी’ आत गेलं आणि बाहेर आलं ते असं: *>#@

व्यंगचित्रांत शिव्यांच्या जागी छापतात तसं. मग गावाचं नाव पाठवलं. ‘हिंगणी’ची झाली इंग्रजी नऊचा आकडा, प्रश्नचिन्ह, हॅश आणि ॲट. ग आणि अनुस्वार दिसेनासेच झाले.

कारण शोधलं तर ते सुंदर निघालं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे आणि देवनागरीचा मोहल्ला २३०४ पासून सुरू होतो. प म्हणजे २३४६. ब्रेनफकच्या घरात मात्र बहुतेक वेळा ० ते २५५ एवढंच मावतं, त्यापुढे गाडी पुन्हा शून्यावर येते. २३०४ म्हणजे बरोबर नऊ वेळा २५६. त्यामुळे नऊ फेऱ्या मारून प उरतो ४२ वर, आणि ४२ म्हणजे तारा. म्हणजे झालं काय, तर प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी ठरावीक दुसरं चिन्ह आलं. क ते ट ही अकरा अक्षरं अदृश्य झाली, ठ म्हणजे कोरी जागा झाली. पण हरवलं काहीच नाही. प्रत्येक आकड्यात २३०४ मिळवले की मराठी जशीच्या तशी परत. (यातली खास माझ्यासाठीची मिठाई: फ, ब, भ, म ही चार अक्षरं या हिशेबाने अधिक, स्वल्पविराम, वजा आणि पूर्णविराम होतात. चारही ब्रेनफकच्याच आज्ञा. पवर्गातला फक्त प सोवळा राहिला.)

अक्षराला अक्षर बदलायचं आणि उलट फिरवायची किल्ली आपल्या माणसांजवळ ठेवायची. नकळत झालेलं हे यंत्र बघताना मला हिंगणीच्या पलीकडच्या नदीची आठवण झाली. आमचं गाव सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवर. बाहेरच्या लोकांना ते वाघांमुळे माहीत असतं. पश्चिमेला गेलं की वर्धा नदी लागते, आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा. त्याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचं रिद्धपूर.

तेराव्या शतकात चक्रधर स्वामी महाराष्ट्रभर फिरले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलले, आणि बोलले ते मराठीत. ते निघून गेल्यावर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून एकेक आठवण जमवली आणि १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण शाळेत त्याचं नाव एका गुणासाठी पाठ करतो. खरं तर तो कथांचा मोठा साठा आहे. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले, कोण रुसलं. बारीकसारीक तपशील गाळू नयेत अशी त्यामागची दृष्टी होती, आणि त्यामुळेच आज तेराव्या शतकातलं गाव आपल्याला दिसतं.

या पंथाची भाषेबद्दलची एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. चक्रधरांच्या मागे पंथ सांभाळला तो नागदेवाचार्यांनी. केशिराजबास हे त्यांचे विद्वान शिष्य. संस्कृतात लिहायची त्यांची हौस होती आणि तयारीही. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, असा त्यांच्या सांगण्याचा भाव. स्मृतिस्थळात ही आठवण आहे. पंथात बायका होत्या, संन्यास घेतलेल्याही होत्या. महदंबेचे धवळे आपण आद्य कवयित्रीची रचना म्हणून वाचतो. म्हणजे ज्ञान कुणाला कळावं हा प्रश्न इथे थेट विचारला गेला आणि त्याचं उत्तर ‘म्हाताऱ्यांना’ असं आलं. त्या काळात.

आणि त्याच पंथाने पुढच्या शतकात आपल्या पोथ्यांना कुलूप लावलं.

त्या कुलपाचं नाव सकळ लिपी. परंपरा तिचं श्रेय चौदाव्या शतकातल्या रवळोबासांना देते. तिच्यासारख्या आणखी लिप्या पुढे तयार झाल्या: सुंदरी, अंकलिपी, शून्यलिपी, सुभद्रा. पण सगळ्यात जास्त चालली ती सकळ. तिचं तत्त्व ऐकलं तर तुम्हाला ओळखीचं वाटेल. नागरीतल्या एका अक्षरासाठी दुसरं अक्षर किंवा वेगळं चिन्ह. भाषा मराठीच, शब्द तेच, क्रम तोच. फक्त चेहरे बदललेले. किल्ली न देता तुमच्या हातात पोथी दिली तर पानभर अक्षरं दिसतील आणि एकही शब्द लागणार नाही.

का केलं असेल असं? अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. एक कारण धामधुमीचं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला, पुढच्या वीसेक वर्षांत यादवांचं राज्य गेलं. त्या पळापळीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली आणि मग शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते; हिराइसा या बाईंच्या स्मरणातला पाठ म्हणून एक पाठ प्रसिद्ध आहे. एकदा असा घाव बसल्यावर माणूस पुढच्या वेळी सावध होतो. दुसरं कारण जवळच्या विरोधाचं: वेदप्रामाण्य न मानणारा, जातिभेद न मानणारा, बायकांना दीक्षा देणारा पंथ सगळ्यांना खपत नव्हता. तिसरं, पवित्र शब्द अनधिकारी माणसाच्या हाती पडू नये ही भावना. मला तिसरं कारण जास्त पटतं, आणि त्यामागे माझ्या धंद्याचा विचार आहे.

अक्षराला अक्षर बदलणं हे फार कच्चं कुलूप आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने ते फोडायची रीत लिहून ठेवली होती: कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते मोजा. मराठीत काना ढिगाने येतो, र-त-न-ल यांचा राबता मोठा. दहा पानं मोजली की चेहरे ओळखू येऊ लागतात. ज्याला पोथी हाती मिळेल आणि चार महिने मिळतील, तो सकळ उकलू शकला असता. तरीही पाचशेच्या वर वर्षं बाहेरच्या कुणी ती उकलल्याचं दिसत नाही. म्हणजे राखण लिपी करत नव्हती, माणसं करत होती. पोथी परक्याला दाखवायचीच नाही, लिपी दीक्षा घेतलेल्यालाच शिकवायची, शिकवायचं ते समोर बसवून. इंटरप्रिटर कागदावर नव्हताच, तो गुरूकडून शिष्याच्या डोक्यात उतरत होता.

आणि अशा रीतीने तो फार लांब गेला. पंथ पंजाबात पोचला, तिथे त्याला जयकृष्णी म्हणतात; पेशावर-काबूलपर्यंत मठ होते. घरी पंजाबी बोलणारी माणसं मठात तेराव्या शतकातली मराठी वाचत होती. ज्यांची मातृभाषा मराठी नाही, त्यांनी आपल्या आधी आपला पहिला गद्य ग्रंथ वाचला. मला हे अजून नीट पचलेलं नाही.

पण कुलपाची किंमत दुसरीकडे वसूल होत होती. बाहेरच्यांना पोथी वाचता येत नव्हती. काळे कपडे घालून फिरणारी, वेगळी राहणारी, न वाचता येणारं काहीतरी जपणारी माणसं. मग लोकांनी स्वतःच अर्थ लावला. ‘मानभावी’ हा शब्द आपण सहज वापरतो: वरून गोड, आतून लबाड. तो आला महानुभाव, म्हणजे बोलीतल्या मानभाव या नावावरून. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण त्याच कारखान्यातली. अहिंसा इतकी काटेकोर पाळणाऱ्या पंथाच्या नावाला कसाबाची जोडी लावली गेली. त्यांच्या संस्थापकांबद्दल काहीच्या बाही कथा पसरल्या आणि छापल्याही गेल्या. खरं काय ते पोथीत होतं, पण पोथी दाखवायची नव्हती. मूळ इंटरप्रिटर आत ठेवला म्हणून बाहेर इंटरप्रिटर नव्हता असं झालं नाही. बाहेर दुसराच बनला आणि तो शब्दकोशात जाऊन बसला. पुढच्या वेळी कुणाला मानभावी म्हणाल तेव्हा एवढं आठवा, दुसरं काही मागणं नाही.

कुलूप निघालं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी या लिप्यांची उकल केली, आणि पंथातल्या महंतांनीही पोथ्या पुढे केल्या. हा दुसरा भाग इतिहासात लहान टाइपात छापतात, तो मोठा करायला हवा. फोडणाऱ्याचं नाव राहतं, दार उघडणाऱ्याचं राहत नाही. पुढे काम बरंचसं विदर्भातच झालं. यवतमाळचे वकील यशवंत खुशाल देशपांडे यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये आलं. नागपुरात ह. ना. नेने यांनी १९३६ च्या सुमारास लीळाचरित्र भागाभागाने छापायला घेतलं. वि. भि. कोलते यांनी आयुष्य त्यात घातलं आणि १९७८ मध्ये त्यांची संपादित आवृत्ती राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढली. तिच्यावरून वादही मोठा झाला. लंडनचे आय. एम. पी. रेसाइड यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधात सकळ लिपी इंग्रजी वाचकांसाठी मांडली. ज्यासाठी शिष्याला गुरूसमोर बसावं लागत होतं, ते आता काही पानांत मिळू लागलं.

अक्षरं सुटली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. तो पाच चिन्हांचा प्रोग्राम आठवा. आत पाठवलेला मजकूर संपला की घरात काय ठेवायचं, हे म्युलरने पक्कं ठरवून दिलं नव्हतं. कुणी शून्य ठेवतं: प्रोग्राम शांतपणे थांबतो. कुणी वजा एक ठेवतं: तो अनंतकाळ कचरा छापत बसतो. कुणी घर तसंच सोडतं: शेवटचं अक्षर येतच राहतं. पाच चिन्हं तीच, दुभाषे तीन, निकाल तीन. मालबोल्ज नावाच्या १९९८ च्या भाषेत तर तिचं लेखी वर्णन आणि तिच्या कर्त्याचा इंटरप्रिटर हेच एकमेकांशी जुळत नाहीत, आणि लोक मानतात इंटरप्रिटरला.

लीळाचरित्राचंही असंच. हरवलं, आठवणीतून उभं राहिलं, वेगवेगळ्या शाखांनी आपापला पाठ जपला. एका पाठात असलेली लीळा दुसऱ्यात नसते, असली तर चार वाक्यं वेगळी. संशोधक ‘मूळ’ शोधतो. पंथातला माणूस आपल्या गुरूकडून आलेला पाठ मानतो. कोलत्यांच्या आवृत्तीवरचा वाद मला या बाजूने बघितला की कळतो. एकासाठी ती जुनी संहिता होती, दुसऱ्यासाठी चालू असलेली गोष्ट. माझं मन संशोधकाच्या बाजूला आहे. छापलेलं पुस्तक हवंच. पण ज्यांनी पाचशे वर्षं ते डोक्यात वाहिलं त्यांना ‘आता बाजूला व्हा, आम्ही वाचतो’ म्हणणंही बरं नाही.

हिंगणीत ‘दंडवत प्रणाम’ करणाऱ्या एक आजी आहेत, महानुभाव घरातल्या. सकळ लिपी त्यांना येत नाही, नागरीही हळूहळू. मागच्या दिवाळीत मी फोनवर लीळाचरित्रातली एक लीळा वाचत होतो. लिपी साधी देवनागरी, तरी दर ओळीला अडत होतो. आरोगणा, व्याळी, पहुड. म्हटलं, आजींना विचारावं.

“आरोगणा म्हंजे?”

“जेवन रे बाप्पा. स्वामीचं जेवन.”

“आणि व्याळी?”

“रातचं जेवन. अन पहुड म्हंजे निजले.” मग मला थांबवून त्यांनी ती लीळा पुढे स्वतःच सांगितली, फोनकडे न बघता. शेवट माझ्या फोनवरच्या शेवटापेक्षा थोडा वेगळा होता. मी तसं म्हणालो, तर त्यांनी विचारलं, “तुह्या फोनातली कोन सांगतली?”

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस यांनी केलेल्या लीळाचरित्राच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड २०२४ मध्ये निघाला. मी सकळ लिपीचं नागरी करणारी छोटी लायब्ररी लिहायला घेतली आहे: एक तक्ता आणि वीस-पंचवीस ओळी, ब्रेनफकपेक्षा सोपं काम. तिला आजींचा शेवट कुठे ठेवायचा, हे मात्र अजून ठरलेलं नाही.